आधी आवाज, मग माणूस

माझं अक्षर वाकडं आहे आणि कुठली वेलांटी पहिली, कुठली दुसरी ते मला अजून कळत नाही. चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. त्यानंतर या बोटांनी लेखणी धरली नाही, विडीची पानं कापायची कातर धरली. कुणाच्या हाती ही वही लागली तर चुकांबद्दल रागावू नये. वही मी तांदळाच्या डब्यामागं ठेवते. घरात कुणाला दाखवलेली नाही, कारण यात फौजिणआक्काबद्दल लिहायचं आहे, आणि तिच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही चार वाईट गोष्टी लिहाव्या लागतील.

फौजिणआक्का स्वतःच्या घरात शिरताना हाळी द्यायची.

आमच्या निपाणीच्या गल्लीत कुणी कुणाच्या दारात थांबत नाही. तोंडानं ‘काय चाललंय गं’ म्हणेपर्यंत बाई चुलीपाशी पोचलेली असते. आणि ही आक्का! नवरा लांब सरहद्दीवर, घरात दुसरं कुणी नाही, कुलूप तिनंच लावलेलं. तरी कुलूप काढायच्या आधी दारात उभी राहून मोठ्यानं म्हणायची, “मी हाय. मी आलोय. डाव्या अंगानं येतोय.” मग घटकाभर थांबायची आणि मगच आत जायची.

समोरची शेवंतामावशी म्हणायची, “रिकाम्या घराला कोण हाळी देतंय गं? मागच्या दारानं कुणाला तरी पळायला येळ देती बघ ती.”

मी हसले नाही, पण हे खोटं आहे असंही म्हणाले नाही. माझा स्वभावच तसा. विडी वळून झाली की मी ती दोन बोटांत दाबून बघते, आत पोकळ राहिली का. कारखान्यात छाट काढतात, खराब विड्या बाजूला टाकून तेवढी मजुरी कापतात. त्या भीतीनं लागलेली ही सवय. वीस-पंचवीस वर्षांत ती विड्यांवरून माणसांवर गेली. मला लाज फार, तोंडानं मी कुणाला काही विचारत नाही. मनात मात्र प्रत्येकाला दाबून बघते.

तिचा नवरा सैन्यात हवालदार. गल्ली त्याला फौजी म्हणायची, म्हणून ती फौजिणआक्का. तिचं माहेर बेळगावाजवळच्या बेळगुंदीचं, तिकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. मूलबाळ नाही. वर्षातून दोनदा तो रजेवर यायचा, कट्ट्यावर बसून बर्फाच्या गोष्टी सांगायचा, पोरांना खांद्यावर घेऊन कवायत करायचा. एका वर्षी आला तो गप्पच आला. भिंतीला पाठ लावून बसायचा. गल्लीत कुणाची मोटरसायकल फटफटली की ताडकन उभा राहायचा, आणि मग पाणी प्यायला उठलो असं दाखवत माठाकडं जायचा. आक्काची हाळी सुरू झाली ती त्या रजेपासून. पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही.

त्याच सुमारास तिनं फळीवरची सगळी भांडी जमिनीवर उतरवली. त्यांच्याखाली जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या. एक दिवस माझ्याकडं कुकर घेऊन आली. पाच लिटरचा, चकचकीत.

“घे सुमन, तुला. मला नगो.”

“कशापायी?”

“शिट्ट्या लई मारतोय.”

कुकर शिट्टी मारणार नाही तर काय अभंग म्हणणार? मी घेतला, पण दुसऱ्याच दिवशी बाजारात नेऊन दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्यानं तळ बघितला, झाकण बघितलं आणि म्हणाला, “मावशी, नवाच हाय की. चोरीचा न्हाय न्हवं?” माझा संशय आणखी वाढला. चांगली वस्तू फुकट देणाऱ्याच्या मनात काय असतं याचा विचार करत मी आठ दिवस त्यात भात लावला नाही.

तशी ती द्यायला कधीच मागंपुढं बघायची नाही. आम्ही दोघी दुपारी माझ्या दारात विड्या वळत बसायचो. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख. माझ्या कमी पडल्या की तिच्या सुपातल्या मूठभर उचलून माझ्या सुपात टाकायची आणि म्हणायची, “मोजू नगंस.” मी मोजायचे. ते तिला दिसायचं, आणि ती गालातल्या गालात हसायची.

एकदा मी मागून जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली नाही, पण हातातलं पान खाली ठेवून म्हणाली, “माणसाला पाठीमागनं हात लावू नगंस कधी. आधी आवाज, मग माणूस.” मला वाटलं, मोठी आली शिकवणारी.

पुढच्या उन्हाळ्यात फौजी रजा संपवून गेला आणि आक्का भर उकाड्यात गळ्याभोवती पदर गुंडाळून हिंडू लागली. नळावर हंडा उचलताना पदर सरकला. गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटांच्या खुणा होत्या, पिवळ्या पडायला लागलेल्या. एवढं बघितल्यावर माझ्यासारखीच्याही तोंडातून शब्द निघाला.

“आक्का, भावजी मारत्यात व्हय?”

तिनं पदर सारखा केला. “मारणारा माणूस जागा असतोय गं,” म्हणाली आणि हंडा कमरेवर घेऊन चालू लागली.

हे उत्तर मी कितीतरी दिवस डोक्यात फिरवलं. मला ते पोकळ वाटलं. मारणारा जागाच असतो, त्यात सांगण्यासारखं काय आहे? काहीतरी झाकते आहे एवढंच मी धरून बसले.

फौजीची नोकरी संपायला सहा-सात महिने उरले होते. माझी भिशी लागली होती, पंधरा हजार. आक्काला ते ठाऊक होतं. दुपारी आली, दारातून हाळी दिली, आत येऊन बसली आणि सरळ म्हणाली, “भिशीचं पैसं मला उसनं दे. हळूहळू फेडतो. कशाला ते मात्र इचारू नगंस. इचारलंस तर खोटं बोलावं लागंल, आणि तुझ्याशी मला खोटं बोलायचं न्हाय.”

नाही म्हणायला धीर लागतो. तो मला कधीच नव्हता. मी पैसे दिले आणि त्याच घडीपासून मला त्याचा घोर लागला.

महिन्याभरात शेवंतामावशी बातमी घेऊन आली. बेळगावला तिच्या लेकीकडं गेली असताना तिनं आक्काला बघितलं होतं. “क्यांपाच्या अंगाला एक बंगला हाय. तितं गेली. तासाभरानं आली भाईर, डोळं पुसत. मी ह्या डोळ्यांनी बघिटलं.” मग पुढं वाकून म्हणाली, “तुला काय बोलली का गं?”

तेव्हा गप्प राहायला हवं होतं. गप्प राहण्यात माझा जन्म गेला, नेमकी तिथं मी बोलले. म्हणाले, “माझं पंधरा हजार घेतल्यात. कशाला ते सांगत न्हाय.”

शेवंतामावशीचा चेहरा सणासुदीसारखा उजळला. तिनं एवढ्यावर सगळी गोष्ट रचली. फौजीनं तिकडं काहीतरी कुलंगडं केलंय, त्याला हाकललाय, दंड बसलाय, बंगला वकिलाचा आणि दंडाचे पैसे माझे. चार दिवसांत ही गोष्ट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि तिथून परत माझ्याकडं आली, तेव्हा मलाही ती खरी वाटायला लागली.

आमच्याकडं पोरगा सैन्यातून निवृत्त होऊन आला की त्याला वाजतगाजत आणतात. उघडी जीप, हार, पुढं हलगी आणि फटाक्यांची लांबलचक लड. आसपासच्या गावांतून हे नेहमीचं. आमच्या गल्लीतला तर हा पहिलाच फौजी. तरुण मंडळानं वर्गणी काढली. मीसुद्धा शंभर रुपये दिले.

आक्काला कळलं तशी ती घरोघर हात जोडत फिरली. “फुलं टाका, ववाळा, गोडधोड खावा. पण हलगी नगो आणि फटाकं तर नगोतच. पाया पडतो तुमच्या.”

कारण विचारलं की म्हणायची, “त्यांस्नी आवडत न्हाय.”

कुणाला पटलं नाही. आयुष्यभर बंदुकीजवळ राहिलेल्या माणसाला फटाका आवडत नाही? शेवंतामावशी नळावर म्हणाली, “बघा, मी म्हनलं न्हवतं? हाकललेला माणूस. तोंड लपवून आणायचा हाय त्याला. म्हणून वाजंत्री नगो.” मंडळातली पोरं म्हणाली, आता तर लड लावायचीच. खरा फौजी असेल तर छाती काढून उभा राहील.

फटाक्यांची पेटी कुणाच्या घरी ठेवायची असा प्रश्न आला. माझं घर जीप थांबणार होती त्या जागेला लागून. पोरांनी विचारलं, मी मान हलवली. पेटी माझ्या बाजेखाली ठेवली.

आदल्या दिवशी आक्का आली. दारातून नेहमीसारखी हाळी, “मी हाय.” आत येऊन बाजेवर बसली. माझ्या घरात तंबाखूचा एवढा वास असतो की दुसरं काही नाकाला कळत नाही. तरी ती थोडी थांबली, एकदा खाली बघितलं, एकदा मोरीतल्या पाटीकडं बघितलं. पत्र्याच्या त्या पाटीत पाणी भरून दुसऱ्या दिवसासाठी विडीची पानं भिजत घातली होती. मग माझ्याकडं बघितलं. मी पानांचा दोरा सोडवत राहिले.

“उद्या बाराला येत्यात,” एवढं बोलून ती गेली.

जीप बाराच्या सुमाराला आली. फौजी उभा होता, गळ्यात झेंडूचे हार, तोंडावर फोटोतल्यासारखं हसू. आक्का दारात ताट घेऊन उभी होती. तिनं गल्लीवर नजर फिरवली, हलगीवाला दिसला, खांबापासून तिच्या दारापर्यंत पसरलेली तांबडी लड दिसली. ताट तिथंच ठेवून ती जीपकडं पळाली. फौजी नुकता खाली उतरला होता. ती त्याच्यापाशी पोचायला आणि कुणीतरी उदबत्ती टेकवायला एकच गाठ पडली.

पहिल्या आवाजाला फौजीनं आक्काला खेचलं आणि जमिनीवर आडवं पाडून तिच्यावर पालथा पडला. दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकलं. “गणू, खाली! गणू, खाली हो!” असा ओरडायला लागला. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. लड मोठी होती, संपता संपेना. धुरातून मला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि तिच्यावर उडणारे तांबडे कागद. पोरांनी मोबाईल वर धरले होते. शेवटचा फटाका वाजून गेला तरी तो उठला नाही.

तेव्हा त्याच्या अंगाखालून आक्काचा आवाज आला. अगदी हळू, लहान मुलाला निजवताना असतो तसा. “मी हाय. मी हाय न्हवं. निपाणी हाय ही. आपलं दार हाय डाव्या अंगाला. बघा की.”

किती वेळ ती हेच म्हणत राहिली. मग त्यानं डोकं उचललं आणि डावीकडं बघितलं. तेव्हा मला कळलं की ती रिकाम्या घराला हाळी का देत होती. चार महिने तो नसला म्हणून सवय मोडायला नको होती. तो आल्यावर एकदा विसरून, आवाज न करता आत गेली तर काय होईल हे तिनं स्वतःच्या गळ्यावर बघितलं होतं. दुपारी झोपलेल्या माणसाला तिनं नुसतं उठवायला हात लावला होता, हे पुढं तिनंच सांगितलं. मारणारा जागा असतो. हा झोपेत होता.

तीन दिवस त्यांचं दार बंद होतं. चौथ्या दिवशी मी गेले. दारात उभी राहून म्हणाले, “मी हाय. सुमन हाय.” आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. आक्कानं दार उघडलं आणि मला पायरीवरच बसवलं. आत फौजी भिंतीला टेकून बसला होता, त्यानं मान खाली घातली.

तिनं सगळं सांगितलं. वर डोंगरात चौकीवर असताना गणू म्हणून त्याचा जोडीदार चहा घ्यायला उठला आणि तेवढ्यात तोफगोळा पडून जागीच गेला. फौजीच्या अंगावर ओरखडा नाही. “ह्यांच्या हातातला चहासुदीक सांडला न्हवता म्हणत्यात,” आक्का म्हणाली. सैन्याच्या दवाखान्यात दाखवलं तर कागदावर येईल, शेवटची थोडी वर्षं आहेत, धड पार पडू देत, असं म्हणून त्यानं तिच्याकडून शपथ घेतली होती. म्हणून त्या गप्प रजेपासूनच बेळगावात ती स्वतः एका मनाच्या डॉक्टरकडं जायची. तोच तो बंगला. रजेत एकदा त्यालाही नेलं होतं. माझे पैसे तिथल्या फीला आणि त्याच्या गोळ्यांना गेले होते. डॉक्टरनंच सांगितलं होतं, जवळ जायच्या आधी आवाज द्या, आपण कोण, कुठल्या बाजूनं येतोय ते सांगा.

मी म्हणाले, “आक्का, ती पेटी माझ्या घरात हुती.”

“म्हायत हाय.”

“म्हायत हुतं?”

“खाटंवर बसलो तवाच फटाक्याच्या दारूचा वास आला. ह्यांच्या पेटीतल्या कापडांस्नी तसाच येतोय.”

“मग बोलली का न्हाईस?”

तिनं माझ्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. “मला वाटलं, तू पानांच्या पाटीत बुडवशील,” ती म्हणाली. “पाटी भरलेलीच हुती गं. नुसती पेटी उलटी करायची.”

रोज सकाळी भिजलेली पानं त्या पाटीतून काढताना तिचं हे वाक्य माझ्या कानात येतं.

पंधरवड्यात त्यांनी खोली सोडली. तिच्या माहेरी बेळगुंदीला भावाच्या शेतात एक घर होतं, रस्त्यापासून आत, गाड्यांचा आवाज न पोचणारं. टेम्पो भरताना तिनं एकेक पातेलं कापडात गुंडाळून ठेवलं. जाताना मला म्हणाली, “तुझं पैसं डोक्यात हायत.” शेवंतामावशी टेम्पो वळेपर्यंत दार लावून बसली होती, आणि वळल्यावर बाहेर येऊन म्हणाली, “गेलं तुझं पंधरा हजार.”

मला लिहायला लाज वाटते, पण एवढं सगळं कळल्यावरही माझ्या मनात तोच संशय आला. पहिल्या वर्षी चार हजार आले, तिच्या भावाच्या हाती. मी ते मोजले. दुसऱ्या वर्षी पाच. तेही मोजले. मग दीड वर्ष काहीच नाही. फोन केला की ती म्हणायची, “त्यांचं औषध चालू हाय. निजत्यात आता थोडं. पैसं येतील, धीर धर.” मी फोन ठेवून मनातल्या मनात विडी दाबायचे.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी दाराकडं पाठ करून विड्या वळत बसले होते. चुलीवर कुकर होता, तिचाच. बाहेरून पुरुषाचा आवाज आला. “मी आलोय, वैनी. बेळगुंदीचा. उजव्या अंगानं येतोय.”

फौजी होता. केस पिकलेले, डोक्यावर रताळ्यांचं पोतं. एकटाच. बेळगुंदीहून बेळगाव, तिथून निपाणी, दोन्ही स्टँडांवरच्या गर्दीतून आणि हॉर्नांतून एकटा आला होता.

“आक्का का आली न्हाय?”

“मीच म्हणलं, मी जातो. ती जावा म्हणली.” पोतं उतरवून तो भिंतीला पाठ लावून बसला. “अजून दारातच उभी असंल.”

त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. “ह्या साली रताळ्याला दर बरा मिळाला. मोजून घ्या.”

“ऱ्हाऊ दे की भावजी. मोजायचं काय त्यात?”

“न्हाय, मोजाच. तिनं बजावून धाडलंय, समोर मोजायला लावा. सुमन मोजल्याबिगर जेवायची न्हाय म्हणली.” आणि तो हसला. पूर्वी कट्ट्यावर बसून हसायचा तसा.

मी पाकीट उघडत होते तेवढ्यात कुकरनं शिट्टी मारली.

मी पार विसरले होते. फौजीचे दोन्ही हात भिंतीला चिकटले, डोळे समोर छताकडं कुठंतरी लागले. मला उठून कुकर बंद करायचा होता, पण चुलीपाशी जायचं तर त्याच्या अगदी अंगाला लागून जावं लागलं असतं. मी जागची हलले नाही. बसल्या जागेवरून, मोठ्यानं पण सावकाश म्हणाले, “मी हाय, भावजी. सुमन हाय. कुकर हाय त्यो, आक्कानं दिलेला. निपाणी हाय ही. दार तुमच्या डाव्या अंगाला हाय.”

त्यानं डावीकडं बघितलं. दार होतं. बाहेर ऊन होतं. त्याच्या छातीचा भाता हळूहळू खाली बसला. कपाळावरचा घाम बाहीनं पुसून तो म्हणाला, “किती शिट्ट्या करतासा भाताला?”

“तीन.”

“मग दोन ऱ्हायल्या. हू द्या.”

तो दुसऱ्या शिट्टीची वाट बघत बसला, मुठी आवळून, आणि ती झाल्यावर तिसरीची. मी त्याच्यासमोर नोटा मोजल्या. आधीचे चार आणि पाच, हे सहा. पंधरा हजार पुरे झाले.